कामाला असमर्थ म्हणजे नेमकं किती टक्के? दुखापत भरपाईच्या दाव्यात न्यायालये काय पाहतात

फतेगंज (वडोदरा) : मशिनमध्ये हात गेला, पाठीवर माल पडला किंवा ट्रक उलटला, की दवाखान्यातून सुटल्यावर पहिला प्रश्न येतो तो टक्क्यांचा. "किती टक्के लिहून मिळाले?" फतेगंज, निझामपुरा, छाणी भागात भाड्याच्या खोलीत राहून मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया किंवा हालोलच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगारांत हा प्रश्न नवा नाही. नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेल्यांना तर तो दुहेरी छळतो. अपघात गुजरातेत, घर महाराष्ट्रात, आणि हातात डॉक्टरांचा एक कागद. त्यावर "४० टक्के" असे लिहिलेले असते.

हा आकडा म्हणजेच भरपाईचा आकडा, असे बहुतेक जण धरून चालतात. विमा कंपनीलाही तसेच धरलेले सोयीचे पडते. प्रत्यक्षात ४० टक्क्यांचा कागद असताना न्यायालयाने १०० टक्के भरपाई दिल्याची उदाहरणे आहेत, आणि मागितलेले १०० टक्के नाकारल्याचीही आहेत. कारण शरीर किती निकामी झाले आणि कमाई किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतो. भरपाई ठरते ती दुसऱ्याच्या उत्तरावर.

कायद्याचे शब्द

या विषयाचा मूळ कायदा १९२३ चा. आधी त्याचे नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होते, २०१० पासून ते कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले. त्यात असमर्थतेच्या व्याख्या अशा आहेत.

कायमचे पूर्ण अपंगत्व : अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामे करू शकत होता, ती सगळीच आता त्याला करता येत नाहीत.

कायमचे अंशतः अपंगत्व : अपघाताच्या वेळी तो जी जी कामे करू शकत होता, त्या प्रत्येकातली त्याची कमावण्याची ताकद कमी झाली आहे.

तात्पुरते अंशतः अपंगत्व : अपघाताच्या वेळी तो ज्या कामावर होता, त्या कामातली कमाई काही काळापुरती घटली आहे.

तिन्हींत "अपघाताच्या वेळी" हे शब्द आहेत आणि खटले बऱ्याचदा त्यांच्यावरच फिरतात. उद्या हा माणूस कॉम्प्युटर शिकेल, दुकान टाकेल, वॉचमन होईल, हे कायदा विचारत नाही. त्या दिवशी त्याच्या अंगात कोणते काम होते, हे विचारतो.

तक्ता : खालची पायरी

कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. पहिल्या भागात थेट १०० टक्के धरल्या जाणाऱ्या इजा आहेत : दोन्ही हात जाणे, एक हात व एक पाऊल जाणे, जिथे डोळे लागतात असे कोणतेही काम करता येऊ नये इतकी दृष्टी जाणे, पूर्ण बहिरेपण, आणि चेहरा अतिशय विद्रूप होणे.

दुसऱ्या भागात अंशतः अपंगत्वाचे टक्के आहेत. अंगठा गेला तर ३०. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. तर्जनी पूर्ण गेली तर १४. पंजा गेला तर ६०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०.

तक्त्यातल्या इजेबाबत कमाई गेल्याचे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. तेवढे नुकसान झाले असे कायदाच मानतो. मालकाने त्याच पगारावर कामावर ठेवले, तरी तक्त्यातला टक्का देय राहतो. मात्र तक्ता ही शेवटची मर्यादा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

सुताराचा हात

ओडिशातील जयपूर गावी १९६८ साली एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला. त्याचा डावा हात कापावा लागला. आयुक्तांनी त्याला कायमचे पूर्ण अपंगत्व धरून भरपाई दिली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे, एकच हात गेला आहे, तेव्हा हे अंशतः अपंगत्व झाले.

'प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात डिसेंबर १९७५ मध्ये चार न्यायमूर्तींच्या पीठाने मालकाचे म्हणणे फेटाळले. सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणजे हा माणूस त्याच्या कामाला पूर्ण असमर्थ झाला, म्हणून १०० टक्के. याच निकालाने दुसरी गोष्टही ठरली. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, आयुक्तांच्या निकालाच्या दिवसापासून नव्हे. व्याजाचा हिशेब आजही त्यावरच चालतो.

चालक, हातगाडीवाला, हमाल

पुढचे अनेक निकाल याच वाटेने गेले.

'के. जनार्दन' प्रकरणात (२००८) टँकरचालकाचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत कापला गेला होता. उच्च न्यायालयाने ६५ टक्के धरले. सर्वोच्च न्यायालयाने सुताराच्या निकालाचा आधार घेऊन १०० टक्के कायम केले. पाय गेलेल्या माणसाला जड वाहन चालवता येत नाही.

'मोहन सोनी' प्रकरणात (२०१२) हातगाडी ओढणाऱ्या माणसाचा डावा पाय गेला. बसून करता येईल असे दुसरे काहीतरी काम तो करू शकेल, असे म्हणून त्याची भरपाई कमी धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ९० टक्के धरले. माणूस धंदा बदलेल आणि भरून काढेल या निव्वळ अंदाजावर भरपाई कापता येत नाही, त्यासाठी ठोस काहीतरी लागते, असा त्याचा आशय.

'चनप्पा' प्रकरण (२०१९) कर्नाटकातले. ट्रकचालकाच्या पायाला इजा झाली होती. वैद्यकीय टक्का १०० च्या बराच खाली होता, पण ट्रक चालवणे संपले होते. कमाईचे नुकसान १०० टक्के धरले गेले.

'इंद्राबाई' प्रकरण (२०२३) एका अकुशल मजूर महिलेचे. खांबांची चढउतार करताना तिचा डावा हात निकामी झाला. उच्च न्यायालयाने खाली आणलेली टक्केवारी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १०० केली. जिची कमाई दोन हातांच्या अंगमेहनतीवरच आहे, तिला एक हात उरला याचा हिशेब कारकुनासारखा करता येत नाही.

एकच इजा, दोन माणसे

याची सगळ्यात स्वच्छ मांडणी 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या निकालात सापडते. ऑक्टोबर २०१० चा हा निकाल मोटार अपघाताचा असला, तरी दुखापतीच्या दाव्यांत त्याचा दाखला सतत दिला जातो. न्यायालयाने उदाहरण दिले ते डाव्या हाताचेच. चालकाचा किंवा सुताराचा डावा हात गेला तर कमाई जवळजवळ पूर्ण जाते. सरकारी कारकुनाचा डावा हात गेला आणि नोकरी व पगार तसाच राहिला, तर पुढच्या कमाईच्या नुकसानीपोटी त्याला काही मिळणार नाही. आयुष्यातली सुखसोय हरपली, त्याची भरपाई मात्र मिळेल.

न्यायाधिकरणाने तीन पायऱ्यांनी जावे, असे निकाल सांगतो. एक, या अपंगत्वामुळे माणसाला काय करता येत नाही आणि काय अजून करता येते. दोन, अपघातापूर्वी त्याचा धंदा, कामाचे स्वरूप आणि वय काय होते. तीन, तो कमाईला पूर्ण मुकला, की तेच काम करू शकतो, की दुसरे हलके काम करून पोट भरू शकतो.

डॉक्टरांच्या साक्षीबद्दलही इशारा आहे. "पायाचे ४५ टक्के" म्हणजे "शरीराचे ४५ टक्के" नव्हे, आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. मागेल त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या कागदाकडे न्यायालयाने सावधपणे पाहावे, असेही त्यात म्हटले आहे.

दावा कुठे पडतो

दुसरी बाजूही वाचली पाहिजे. तक्त्यात नसलेल्या इजेसाठी, म्हणजे मणका, कंबर, खांदा, जुळलेले पण वाकडे हाड अशा प्रकारांत, १९२३ चा कायदा एक अट घालतो : कमावण्याची क्षमता किती टक्के गेली, हे पात्र डॉक्टरने ठरवलेले हवे.

'मुबासिर अहमद' (२००७) आणि 'मोहम्मद नासिर' (२००९) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कमाईचे नुकसान आणि शारीरिक अपंगत्व एक नव्हे, आणि वैद्यकीय पुराव्याशिवाय मनाने टक्का वाढवता येत नाही. त्यामुळे डॉक्टरच्या साक्षीत फक्त "३० टक्के अपंगत्व" आले, पण "हा माणूस ओझे उचलू शकत नाही, उकिडवा बसू शकत नाही, शिडी चढू शकत नाही" हे आलेच नाही, तर वकिलाच्या हातात फारसे काही राहत नाही.

इथेच दिव्यांग कार्डाचा घोळ होतो. सरकारी रुग्णालयातून मिळणारे प्रमाणपत्र सवलती आणि योजनांसाठी असते. ते शरीराचे मोजमाप आहे. दाव्यात ते उपयोगी पडते, पण एकटे पुरत नाही. तुमचे काम काय होते, हे त्या कागदाला ठाऊक नसते.

काम येते, पण कोणी देत नाही

इंग्लंडमधील 'बॉल विरुद्ध विल्यम हंट' हे १९१२ चे प्रकरण आजही अभ्यासले जाते. कामगाराचा एक डोळा आधीपासूनच आंधळा होता, पण दिसायला नीट असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नसे. कामावर त्याच डोळ्याला इजा झाली आणि तो काढावा लागला. दृष्टी होती तितकीच राहिली. पण आता तो एकाक्ष दिसू लागला आणि त्याला कोणी कामावर घेईना. हाउस ऑफ लॉर्ड्सने ही कामाची असमर्थताच मानली. पोहोचण्याजोग्या कुठल्याच बाजारात माणसाचे श्रम विकले जाईनासे झाले, तर तो असमर्थच.

आपल्या तक्त्यात चेहरा अतिशय विद्रूप होणे १०० टक्क्यांत बसते, त्यामागचा विचार याच जातीचा आहे. चेहऱ्याने वेल्डिंग होत नाही की माल उचलला जात नाही. तरी काम मागायला दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा आधी चेहराच पाहिला जातो.

रुपयांत काय फरक पडतो

हिशेब उदाहरणाने पाहू. समजा कामगार ४० वर्षांचा आहे आणि पगार महिना १८,००० आहे. १९२३ च्या कायद्यात हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. म्हणून १५,००० धरायचे.

पूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. चाळिशीचा गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३० रुपये.

आता याच माणसाचा पंजा गेला आणि तक्त्याप्रमाणे ६० टक्केच धरले, तर ९,९४,५१८. तो सुतार किंवा फिटर आहे हे सिद्ध होऊन १०० टक्के मिळाले, तर ६,६३,०१२ रुपये जास्त. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ४,९७,२५९.

यावर व्याज वेगळे. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर वर्षाला १२ टक्के. वरच्या पूर्ण रकमेवर ते वर्षाला सुमारे १,९८,९०० होते. योग्य कारणाशिवाय उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. 'वेदप्रकाश गर्ग' निकालानुसार (१९९७) मुद्दल व व्याज विमा कंपनीकडून वसूल होते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो.

तात्पुरत्या असमर्थतेत दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षे. १५,००० पगाराला पंधरवड्याला ३,७५० रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा भरून द्यायचा असतो.

ईएसआय असेल तर वाट वेगळी

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर १९२३ च्या कायद्याखाली वेगळा दावा चालत नाही. मुंबईहून गेलेल्या 'ए. त्रेहान' प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तिथे कमाईचे नुकसान वैद्यकीय मंडळ ठरवते आणि एकरकमी पैशांऐवजी दरमहा आयुष्यभर रक्कम मिळते. पूर्ण अपंगत्वाला ती सरासरी वेतनाच्या ९० टक्के असते, अंशतः असेल तर टक्क्यांच्या प्रमाणात. मंडळाचा आकडा मान्य नसेल, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणात किंवा ईएसआय न्यायालयात जाता येते. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे.

वाहन अपघात कामावर असताना झाला असेल, तर कर्मचारी भरपाई किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण, यांपैकी एकच दार निवडावे लागते. न्यायाधिकरणात १५,००० ची मर्यादा नसते, पण समोरच्या वाहनाची चूक दाखवावी लागते. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. गुन्ह्याची नोंद, पंचनामा वेळेत मिळवणे म्हणूनच महत्त्वाचे.

सीमेपलीकडचा कामगार

अपघात वडोदऱ्यात झाला म्हणून खटला वडोदऱ्यातच लढवला पाहिजे, असे नाही. १९२३ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार दावा तीन ठिकाणी करता येतो : अपघात झाला तिथे, कामगार किंवा त्याचे वारस नेहमी राहतात तिथे, किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे. नंदुरबारचा माणूस गावी परतला असेल, तर नंदुरबारला दावा करू शकतो. तिथले आयुक्त अपघात झालेल्या भागातील आयुक्तांना आणि संबंधित राज्य सरकारला सूचना देऊन काम पुढे नेतात. अनेक जिल्ह्यांत आयुक्तांचे काम कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायाधीशच पाहतात. दाव्याची मुदत दोन वर्षे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातले काम ठेकेदाराकडून करून घेतले असेल, तर कलम १२ नुसार दावा कंपनीवर करता येतो. कंपनीने ते पैसे मग ठेकेदाराकडून वसूल करावेत.

"दोन लाख घे, सही कर आणि गावी जा" हा प्रकारही सर्रास चालतो. हक्क सोडल्याचा असा करार कलम १७ नुसार रद्दबातल असतो. तडजोड करायचीच तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते. करार नोंदणीसाठी पाठवलाच नाही, तर मालक पूर्ण भरपाई द्यायला बांधील राहतो, आणि आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही तर आधी दिलेल्या रकमेच्या अर्ध्याहून जास्त वजावट त्याला मागता येत नाही.

नवी संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा व ईएसआय कायदा तिच्यात सामावले गेले. या लेखातील कलमांचे आकडे जुन्या कायद्याचे आहेत. त्याआधीच्या अपघातांचे दावे त्यावरच चालतील. अपंगत्वाच्या व्याख्या, इजांचा तक्ता आणि वयाचा गुणक हा सांगाडा संहितेतही ठेवलेला आहे, त्यामुळे वरचे निकाल पुढेही वाचले जातील. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात, वेळ-ठिकाणाचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरण्याची तरतूद संहितेत आहे. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जुन्या कायद्याचाही तसाच अर्थ लावला होता.

काय जपून ठेवायचे

आयुक्तांनी वस्तुस्थितीवर दिलेला निर्णय सहसा शेवटचा असतो. उच्च न्यायालयात अपील होते ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, आणि मालकाला अपिलाआधी रक्कम भरावी लागते. 'गोल्ला राजण्णा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की टक्केवारीचा पुरावा उच्च न्यायालयाने नव्याने तोलत बसू नये. थोडक्यात, जे सिद्ध करायचे ते पहिल्याच पायरीवर.

त्यासाठी लागणारे कागद साधे आहेत. पगाराचा पुरावा : पगारपावती, बँक पासबुक, हजेरी कार्ड, मुकादमाने फोनवर टाकलेले पैसे. कामाचा पुरावा : गेटपास, ओळखपत्र, सोबतच्या कामगाराची साक्ष. दवाखान्याचा पहिला केसपेपर, आणि त्यावर "कामावर असताना" ही नोंद. शेवटी डॉक्टर. शक्यतो ज्याने उपचार केले तोच. त्याला नुसते टक्के विचारू नयेत. आपण रोज काय काम करत होतो ते सांगावे : किती किलो उचलायचो, किती तास उभे राहायचो, कोणत्या हाताने लिव्हर ओढायचो. आणि त्यातले आता काय होत नाही, ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.

सुताराला १०० टक्के मिळाले, ते त्याचा हात जास्त कापला गेला म्हणून नव्हे. तो सुतार होता, हे न्यायालयापुढे आले म्हणून.